एक बोट सैल

दर शुक्रवारी संध्याकाळी त्या घरात कंबर मोजली जायची. एकाच बाईची, एकाच टेपने, आणि ते पाहायला सगळं घर जमायचं.

कंबर धाकट्या जावेची. टेप थोरलीचा. थोरली शिवणकाम करायची. तळमजल्यावरची रस्त्याकडची खोली हे तिचं दुकान. खिडकीशी मशीन, मधोमध कापायचं मोठं टेबल, दारामागे उंच आरसा, आणि जमिनीवर चिंध्या-दोऱ्यांचा असा थर की आत येणारा प्रत्येकजण पायाला काहीतरी चिकटवूनच बाहेर पडायचा. दुकानामागच्या दोन खोल्यांत थोरली, तिचा नवरा आणि लेक राहायचे. वरच्या मजल्यावर धाकटी आणि तिचा नवरा, म्हणजे थोरलीचा दीर. लेकीचं खरं नाव फक्त शाळेपुरतं. घरात ती ठकी.

धाकटी बँकेत काउंटरवर बसायची. बसून बसून अंग सुटलं, जिना चढताना धाप लागायला लागली, तेव्हा तिनं मनावर घेतलं. आधी सकाळचं चालणं, मग गच्चीवर दोरीच्या उड्या, मग दर शनिवारी गावाबाहेरचा डोंगर नाहीतर तळं. एकटीनं काय जायचं म्हणून तिनं नवऱ्याला ओढलं. आपण एकट्यानंच का घाम गाळायचा म्हणून त्यानं थोरल्या भावाला ओढलं. आणि एवढी गाडी भरून चालली म्हटल्यावर ठकी मागे राहते होय!

राहिली ती थोरली. शनिवार-रविवारी तिच्याकडे गिऱ्हाइकांची झुंबड. लोकांना सुट्टी लागली की कपडे आठवतात. सुरुवातीला तिनं हसतमुखानं डबे भरून दिले. "जा, मजा करा, मला तेवढीच शांतता," म्हणाली. शांतता मिळालीही. दोन शनिवारांत ती तिला खायला उठली.

संध्याकाळी मंडळी परतायची ती चिखलाचे बूट, उन्हानं लाल झालेली नाकं आणि आपापसातच कळणारे विनोद घेऊन. जेवताना दिरानं नुसतं "बदक" म्हणायची खोटी, चौघंही तोंडातला घास सांभाळत हसत सुटायचे.

"काय झालं तरी काय त्या बदकाचं?" थोरलीनं एकदा विचारलं.

"अगं आई, बाबा ना, तळ्याशी वाकले होते, आणि मागून ते बदक..." ठकीला पुढचं बोलवेना.

"आणि मग?"

"मग काही नाही. ते बघायलाच पाहिजे गं."

बघायलाच पाहिजे! जशी काही ही घरी लोळत पडली होती.

समुद्राचं खूळ दिराचं. त्यानंच थोरलीच्या टेपवर एका ठिकाणी लाल दोरा बांधला आणि जाहीर केलं, "हिची कंबर इथे टेकली, की लगेच येणाऱ्या शनिवारी सगळं घर समुद्रावर. दोन दिवस! वहिनी, माप मात्र तुम्हीच घ्यायचं. हिच्यावर माझा भरवसा नाही, तुमच्या टेपवर आहे."

तेव्हापासून शुक्रवारचा तो सोहळा. माप थोडंसं उतरलं तरी ठकी उड्या मारायची, दीर शिट्टी वाजवायचा, आणि थोरलीचा नवरा टाळ्या पिटत म्हणायचा, "वा! याला म्हणतात जिद्द!" लग्नाला इतकी वर्षं झाली, पण थोरली स्वतः शिवलेला नवा कपडा घालून समोर उभी राहिली तर "माझा चष्मा बघितलास का?" विचारणारा हा माणूस. मशीनवर वाकून वाकून थोरलीची मान आखडली होती. त्या जिद्दीला कुणी टाळी वाजवल्याचं तिला आठवत नव्हतं.

धाकटीचा राग आला असता तर बरं झालं असतं. भांडून मोकळं होता आलं असतं. पण धाकटी होती गोड. डोंगरावरून येताना थोरलीसाठी रानफुलं आणायची, ताई ताई करत मागे मागे असायची. तरी ठकी हल्ली केस विंचरून घ्यायला वर जाते, बुटाची नाडीसुद्धा काकूसारखी दुहेरी बांधते, हे थोरलीच्या नजरेतून सुटत नव्हतं. आपण डब्यात घालून दिलेलं चौघं कुठल्याशा झाडाखाली गोलात बसून खातात, हे डोळ्यासमोर आलं की तिचा पाय मशीनवर जरा जोरातच चालायचा.

टेप लाल दोऱ्याच्या अगदी जवळ आला, तेव्हा शाळा उघडायला नेमका महिना उरला होता. अर्ध्या वस्तीच्या पोरांचे गणवेश थोरलीकडे होते. टेबलावर निळ्या कापडाचा ढीग छताकडे निघाला होता; तिचा डोंगर तो. अशात समुद्रावर जायचं म्हणजे तिला सोडूनच. त्यातच एकदा जिन्याखालून ठकीचा आवाज आला, "काका, आई आली नाही तरी आपण जाऊया ना? तिला काय, कामच असतं."

पोर वाईट मनानं बोलली नव्हती. म्हणूनच ते जास्त लागलं.

त्या शुक्रवारी थोरलीनं टेप धाकटीच्या कंबरेभोवती फिरवला आणि आपलं एक बोट आत राहू दिलं. शिवणारे तसं घालतातच, कपडा अंगाला काचू नये म्हणून एक बोट सैल धरतात. पण ते कपडा शिवताना. नुसती कंबर मोजताना नव्हे.

"थांबलं गं," ती म्हणाली. "गेल्या वेळेइतकंच."

तिला कुणाचं वाईट करायचं नव्हतं. गणवेश एकदा ज्याच्या त्याच्या घरी गेले की बोट काढायचं, माप दोऱ्याला टेकवायचं आणि सगळ्यांबरोबर आपणही गाडीत बसायचं, एवढाच बेत. पण पुढच्या शुक्रवारपर्यंत धाकटी आणखी उतरली. एक बोट पुरेना. दोन घालावी लागली.

"ताई, पण माझी पँट बघ ना, चालताना घसरते," धाकटी म्हणाली.

"धुऊन धुऊन मागचं इलॅस्टिक गेलंय तिचं."

"आणि बँकेत घालते ती?"

"तिचं कापडच तसलं. ताणतं."

धाकटीनं मान डोलावली. मापाच्या बाबतीत थोरलीला उलट विचारायची त्या रस्त्यावर कुणाची पद्धत नव्हती. तिनं रात्रीचं जेवण सोडलं आणि काकड्यांवर राहायला लागली. पहाटे गच्चीवर दोरीचा सटक सटक आवाज यायचा, आणि खाली थोरली डोळे मिटून पडून राहायची.

तिसऱ्या शुक्रवारी थोरलीची बोटं जरा जास्तच आत गेली आणि टेप आणखीच सैल पडला.

"वाढलंय?" धाकटीनं विचारलं.

कुणी टाळी वाजवली नाही. धाकटीनं चपला पायात सरकवल्या. "मरू दे. माझ्या अंगालाच नाही ते. उगाच सगळ्यांचे शनिवार खाल्ले मी," असं म्हणून ती वर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी गाडी निघाली नाही. थोरलीला हवं होतं ते मिळालं. शनिवार, आणि सगळं घर घरात. नवरा पेपर घेऊन दुकानातल्या स्टुलावर येऊन बसला, ठकी जमिनीवर बटणं निवडत बसली. अर्धी सकाळ थोरलीला अगदी बरं वाटलं. मग नवरा तिथेच बसल्या बसल्या घोरायला लागला.

"आई, काकू रडत होती," ठकी हळूच म्हणाली. "गच्चीवर. दोरी फेकून दिली तिनं टाकीमागे."

"तुला काय करायचंय?"

"मला नको समुद्र. काकूला सांग ना, आम्हाला कुणालाच नको. पण तिला म्हणावं रडू नको."

थोरलीची सुई थांबली. आधी मनात आलं ते हेच, की या पोरीला आईच्या मानेचा कधी एवढा कळवळा आला नाही. ते मनात आल्याचीच तिला लाज वाटली. तिनं गळ्यात टेप अडकवला आणि जिना चढली. वर पोचेपर्यंत तिला चांगलीच धाप लागली.

"ऊठ. उभी राहा."

"आता कशाला, ताई?"

"राहा म्हणते ना."

तिनं टेप फिरवला आणि दोन्ही हातांची बोटं धाकटीला दिसतील अशी बाहेर धरली. लाल दोरा केव्हाच मागे पडला होता.

"हे काय?" धाकटी टेपकडे बघतच राहिली.

"हे तुझं माप."

"काल तर..."

"काल माझी बोटं आत होती."

धाकटी आधी हसली. मग थोरलीचा चेहरा बघून थांबली. "मुद्दाम?"

"हो."

"का पण?"

"तुम्ही सगळे गेला असता. माझे गणवेश व्हायचेत."

"मग तोंड नव्हतं सांगायला? थांबलो असतो आम्ही!"

"थांबला असता. तोंडं पाडून. माझ्यापायी सगळे खोळंबलेत, हे मला नको होतं."

"ताई, मी इतके दिवस काकड्या खाल्ल्या!"

"माहितीये."

"मला काकडी आवडत नाही!" धाकटीचे डोळे भरून आले. ती खिडकीशी जाऊन पाठ फिरवून उभी राहिली. तिथूनच म्हणाली, "येत्या शनिवारी जाणार आम्ही. तुझ्यासाठी थांबणार नाही."

"जा," थोरली म्हणाली.

संध्याकाळी जेवताना धाकटीनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. "मी कधीच पोचलेय दोऱ्याला. ताईनं टेपमध्ये बोटं घातली होती."

घर हसायला लागलं.

"ही?" थोरलीचा नवरा म्हणाला. "हिनं माझ्या सख्ख्या मावशीला तिचं खरं माप चारचौघांत सांगितलं होतं. मावशीनं त्या दिवसापासून या घराची पायरी चढलेली नाही."

"वहिनींच्या नावावर खपवू नकोस," दीर म्हणाला. "तूच श्वास सोडून उभी राहत असशील."

"खरं सांगतेय ती," थोरली म्हणाली. त्यावर तर ठकीला ठसकाच लागला.

हसत नव्हत्या त्या फक्त दोघी जावा.

पुढच्या शनिवारी गाडी निघाली. ठकी खिडकीतून अर्धी बाहेर लोंबकळत होती. धाकटी सगळ्यांत शेवटी बसली. त्याआधी दुकानात डोकावून चालायची राखाडी पँट तिनं टेबलावर टाकली. "कंबरेत घेऊन ठेव. आणि इलॅस्टिकचं काही सांगू नकोस."

थोरलीनं दुपारपर्यंत मान वर न करता गणवेश शिवले. पण समुद्र काही डोक्यातून जाईना. आता नवरा पँट दुमडून पाण्यात शिरला असेल. आता लाट आली असेल आणि ठकीनं हात धरला असेल; कुणाचा, ते तिला चांगलं ठाऊक होतं. तिनं निळं कापड बाजूला सारलं आणि राखाडी पँट उसवायला ओढली. कात्री लावणार, तेवढ्यात तिच्या काय मनात आलं कोण जाणे. तिनं दार लोटलं, अंगातला गाऊन काढला, एक जुना कुडता डोक्यातून घातला आणि पँटमध्ये पाय सरकवले.

धाकटीला सैल झालेली पँट थोरलीच्या कंबरेला चढेना. श्वास आत ओढला, पोट आवळलं, तेव्हा कुठे हूक बसला. आरशात तिनं स्वतःला समोरून पाहिलं, मग बाजूनं. बाजूनं पुन्हा पाहायची हिंमत झाली नाही.

दार ढकलून कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली नर्स आत आली, मुलाचा गणवेश न्यायला. "अय्या, पँट? छान दिसतेय की तुम्हाला! कुठे दौरा?"

"डोंगरावर," थोरलीच्या तोंडून निघून गेलं.

नर्स गेल्यावरही तिनं पँट बदलली नाही. हूक पोटाला रुतत होता, तरी तशीच मशीनवर बसली.

रविवारी संध्याकाळी मंडळी परतली. दुकानाच्या चिंध्यांत वाळू मिसळली, ठकी आईच्या गळ्यात पडली, आणि बदकाच्या जोडीला आता एक खेकडाही घरात आला. सगळे आत गेल्यावर धाकटी दारात रेंगाळली. आठवडाभर ती थोरलीशी कामापुरतंच बोलत होती.

"पँट झाली?"

"नाही केली. ठेवून घेतली."

"ठेवून घेतली म्हणजे?"

"तुला नवी शिवून देते. ही मला लागणारे. मंगळवारी माझं दुकान बंद असतं, डोंगरावर जाणारे मी."

धाकटीनं तिच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "मंगळवारी मला बँक असते, ताई."

"ठाऊक आहे. म्हणून तर मंगळवार."

"एकटी जाणार?"

"ठकीला नेईन, शाळा उघडेपर्यंत. तिच्या बाबांना रजा टाकायला लावते. डबा दर वेळी मीच का भरायचा, या वेळी ते भरतील. तू नकोस."

"आणि अर्ध्या वाटेत धाप लागली तर?"

"तर बसेन. बघायला तू नसशील ना, तेवढं बरं."

धाकटीला हसू आवरलं नाही. थोरलीला मात्र हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. ती अगदी मनापासून बोलली होती.