वाढत्या अंगाचं शूटिंग जॅकेट

मी आयुष्यात एकही गोळी झाडलेली नाही. तरीही सिंगापूरमधल्या एका शाळेच्या शूटिंग रेंजवर केवळ माझ्यामुळे वीस मिनिटं नेमबाजी बंद ठेवावी लागली होती.

त्या वेळी आम्ही बेडोकला राहत होतो. आमची तेरा वर्षांची मुक्ता क्लेमेंटीच्या शाळेत होती आणि तिथे प्रत्येक मुलाला शाळा सुटल्यावर एक खेळ किंवा छंद घ्यावाच लागे. तिने एअर रायफल घेतली. (मी बुद्धिबळ सुचवलं होतं. त्यात काही शिवावं लागत नाही, हे तेव्हा लक्षात आलं नाही.) रायफल शाळेची, छर्रे शाळेचे, पण अंग ताठ ठेवणारं ते जाड कॅनव्हासचं जॅकेट मात्र ज्याचं त्याने आणायचं. आणि नेमकं त्याच वर्षी अर्ध्या सिंगापूरला नेमबाजीचं वेड लागलं!

दुकानात गेलो तर काउंटरवरच्या काकांनी मानसुद्धा वर केली नाही.

"जॅकेट? नो स्टॉक लाह." (या 'लाह'ला अर्थ नसतो. सिंगापुरात तो वाक्याच्या शेपटाला असतोच.)

"कधी येईल?"

"नेक्स्ट मंथ. मेबी. बट प्राइस डबल."

"डबल का?"

"बिकॉज नो स्टॉक!"

या युक्तिवादापुढे माझी इंजिनियरिंगची पदवी खिशात घालून मी दुकानाबाहेर पडलो. शाळेच्या संघाची निवड चाचणी दहा दिवसांवर होती. घरी येऊन मी जाहीर केलं, "दुप्पट पैसे? एका कॅनव्हासच्या कोटाला? मी शिवतो!"

वैशाली, म्हणजे माझी बायको, शांतपणे म्हणाली, "तुला शर्टाचं बटण लावता येत नाही."

"बटण नाजूक काम आहे. हे रांगडं आहे."

"बाबा, लिसन," मुक्ता म्हणाली, "माझी फ्रेंड सिती..."

"तू सरावाकडे बघ. जॅकेट ही माझी जबाबदारी!"

पुढचे दहा दिवस मी ऑफिसातून आलो की वैशालीच्या मशीनवर बसे. मशीनच्या सात सुया मोडल्या. ताडपत्रीचे तीन थर, आमच्या जुन्या सूटकेसचं कातडं आणि माझे चार पट्टे एवढा ऐवज त्यात गेला. (त्या आठवड्यात मी ऑफिसात एका हाताने पँट धरून प्रेझेंटेशन दिलं.) मुक्ता रोज काहीतरी सांगायला येई. "बाबा, सिती म्हणते..." की मी तोंडातल्या टाचण्यांसकट "हूं!" करून तिला घालवत असे.

चाचणीच्या शनिवारी मुक्ता सकाळीच शाळेत गेली आणि दुपारी जॅकेट तयार झालं. ते टेबलावर ठेवलं, तर स्वतःच्या हिमतीवर उभं राहिलं!

"केवढं हे!" वैशाली म्हणाली.

"वाढत्या अंगाचं शिवलंय."

"वाढत्या? का तुझ्या?"

मुक्ताला रोज सरावाकडे पिटाळत होतो, त्यामुळे मापं माझीच घेतली होती, हे खरं. मी ते अंगात चढवलं. वैशालीने गुडघा टेकवून चारही पट्टे आवळले आणि चौथ्या पट्ट्याची बकल कट्कन वाकून बसली. ती बसली ती बसलीच! माझे दोन्ही हात बुजगावण्यासारखे आडवे, कोपरात वाकेनात. छातीवरच्या बकलपर्यंत माझी बोटं पोचणं तर अशक्यच.

"कात्री आणते."

"खबरदार! मुलीची निवड आहे! हा असाच जातो. तिथले कोच सोडवतील, त्यांना सवय असेल."

टॅक्सीने जाणार होतो. पण टॅक्सीत शिरायला कमरेत वाकावं लागतं. राहिली एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो. स्टेशनवर कार्डसुद्धा वैशालीने माझ्या बोटांत अडकवून दिलं. बेडोकपासून क्लेमेंटीपर्यंत मी डब्याच्या मधोमध खांबासारखा उभा. पाया लेबार स्टेशनला गर्दी चढली, तेव्हा एका कॉलेजच्या पोरीने चक्क माझ्या दंडाला धरून तोल सावरला. समोरच्या चिनी आजी कळवळून उठल्या.

"अंकल, यू सिट लाह. बॅक ऑपरेशन आह?"

"नो, नो. शूटिंग!"

आजूबाजूचे चारपाच जण दोन पावलं मागे सरले. हा शब्द या देशात असा मोठ्याने म्हणायचा नसतो, हे मला क्षणभर उशिरा आठवलं. आजी मात्र उजळल्या. "वाह! यू अ‍ॅक्टर आह? बॉलिवूड?"

मी 'नाही' म्हणून मान हलवायला गेलो. पण कॉलर इतकी कडक, की मान फक्त वर-खाली झाली. क्लेमेंटी येईपर्यंत दोघांनी माझ्याबरोबर फोटो काढून घेतले.

रेंजच्या दारात मी आडवा शिरलो. (सरळ शिरताच येत नव्हतं.) कोच लिम यांनी शिट्टी फुंकली. सगळ्या रायफली खाली. दोन शिक्षक पट्टे ओढताहेत, तिसरे पक्कड आणायला धावताहेत, आणि निशाणा सोडून चाळीस मुलं माझ्याकडे बघताहेत! अखेर पट्टे कापून मला बाहेर काढलं. कोचनी मापक लावून कापडाची जाडी नियमात बसते का ते तपासलं, पुन्हा तपासलं आणि अत्यंत अदबीने म्हणाले, "सर, धिस वन रिअल बुलेट आल्सो कॅनॉट गो थ्रू."

"म्हणजे चालणार नाही?" माझा आवाज चिरकला. "मग मुक्ता? तिची चाचणी?"

मुक्ता माझ्या मागेच उभी होती, कानापर्यंत लाल. अंगात व्यवस्थित बसलेलं जॅकेट.

"हे कुठून आणलंस?"

"सितीचं! तिचा नंबर सकाळी होता, माझा आत्ता. वी शेअर. दहा दिवस तेच सांगतेय, बाबा! यू नेव्हर लिसन लाह!"

मला घाम फुटला होता, तो फक्त ताडपत्रीमुळे नव्हता. बाकावर बसलो. दहा दिवसांत प्रथमच तिच्याकडे नीट बघत राहिलो. एवढ्या तमाशानंतरही नेम धरताना पोरीचा हात जराही हलला नाही. ती संघात निवडली गेली.

आठवड्याने शाळेचं परिपत्रक आलं. मुक्ताने जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं : पालकांना नम्र विनंती, की त्यांनी नेमबाजीचं साहित्य कृपया घरी बनवू नये आणि परिधान करून शाळेत येऊ नये.

"पेरेंट्स लिहिलंय, बाबा," ती म्हणाली. "बट ओन्ली यू, व्हॉट!"

"आदरार्थी बहुवचन आहे ते," मी म्हणालो आणि आमटी वाढून घेतली.