गल्लीचा भोंगा

तिचं खरं नाव हजेरी घेताना काय ते ऐकू यायचं. एरवी सगळ्या गल्लीसाठी ती ‘भोंगा’. कापडगिरणीच्या मागच्या भिंतीला चिकटून काही गल्ल्या होत्या, त्यातल्या सगळ्यात अरुंद गल्लीत तिचं घर. एक खोली, तिच्यातच पडदा ओढून केलेलं स्वयंपाकघर, आणि दारासमोर गल्लीचा नळ. नळाला पाणी आलं, कुणाचे दोरीवरचे कपडे उडाले, कुणाकडे पाहुणे येऊन खोळंबलेत, असं काही असलं की बायका घरातूनच म्हणायच्या, “भोंग्या, दे गं एक हाक!” मग ही पोर उंबऱ्यात उभी राहून अशी हाक द्यायची, की ज्याला बोलावलं तो तर यायचाच, शिवाय त्याच नावाचा पलीकडच्या गल्लीतलाही धावत यायचा.

हा आवाज तिने काही हौसेने कमावला नव्हता. तिचे बाबा गिरणीत मागावर होते. त्या खात्यात सगळे माग एकदम धडधडायचे, आणि त्या धडधडाटात वर्षं काढून बाबांचे कान अधू झाले होते. साध्या बोलण्यातलं निम्मं त्यांना ऐकू यायचं, उरलेलं ते स्वतःच्या मनाने भरून घ्यायचे. आई म्हणायची, “साबण संपला.” बाबा विचारायचे, “कोण झोपला?” त्यामुळे त्या घरात सगळं बोलणं टिपेला. मायेने ‘जेवलास का’ विचारलं तरी रस्त्यावरच्याला वाटावं, भांडण जुंपलंय. माणसं याहून हळूही बोलतात, हे भोंग्याला बरेच दिवस माहीतच नव्हतं.

ते तिला शाळेत कळलं. गुरुजींनी तिला कविता म्हणायला उभं केलं. तिने घरी म्हणायची तशी म्हटली. दुसरं कडवं संपायच्या आत शेजारच्या वर्गाचे गुरुजी घाबरेघुबरे होऊन दारात हजर. “काय झालं? कुणाला लागलं का?”

वर्गात हशा पिकला. गुरुजींनाही हसू आवरेना. ओठांवर बोट ठेवून ते म्हणाले, “हळू गं बाई, हळू. ही शाळा आहे, गिरणी नव्हे.”

गुरुजी मनाने वाईट नव्हते. बोलले आणि विसरूनही गेले. पण ते वाक्य भोंग्याच्या मनात रुतून बसलं. घरी येऊन तिने भिंतीकडे तोंड करून हळू बोलायची तालीम केली. नुसती हवाच बाहेर पडली. मधला म्हणून काही आवाज तिच्याकडे नव्हताच. एक तर भोंगा, नाहीतर काहीच नाही. मग तिने शाळेपुरतं तोंडाला कुलूप लावलं. हजेरीला हात वर करायचा, प्रश्न विचारला की खाली बघायचं. वर्षं गेली तसे शिक्षकही तिला विचारेनासे झाले. घुमी आहे, म्हणून सोडून दिलं.

शाळा सुटली की मात्र ती थेट गिरणीमागच्या मोकळ्या जागेत. तिथे गिरणीने टाकून दिलेला एक गंजका बॉयलर आडवा पडलेला होता आणि त्याच्यापुढे गल्लीतली मुलं ठिगळं लावलेल्या चेंडूने फुटबॉल खेळायची. भिंतीच्या सावलीत एका खोक्यावर फिटरआजोबा बसलेले असायचे. जन्मभर गिरणीत फिटर, आणि तरुणपणी गिरणीच्या संघाचे गोलकीपर. साखरेच्या आजाराने त्यांचे डोळे गेले होते, पण संध्याकाळी मैदानावर आल्याशिवाय त्यांना चैन पडायची नाही. चेंडूवर लाथ बसल्याचा आवाज आला की मान उंच करून विचारायचे, “कुणी मारला रे?” खेळात रंगलेल्या मुलांना उत्तर द्यायला फुरसत कुठली?

एकदा बॉयलरवर बसलेल्या भोंग्याला त्यांची दया आली. ती ओरडली, “आजोबा, मारला!”

“कुणी? कुठून? गेला कुठे?” आजोबा वैतागले. “अगं, तुला दिसतंय म्हणून मला दिसतं का? आधी सांग, चेंडू कुठे आहे. मग सांग, कुणाकडे आहे. मग त्याने काय केलं ते.”

त्या दिवसापासून ते रोजचंच झालं. “गटाराच्या बाजूला चेंडू! लंबूकडे! टकल्या आडवा आला... लंबूने त्याच्या पायातून काढला! आता पुढे कुणीच नाही... मारला! खांबाला! आजोबा, खांबाला लागला!” आणि आजोबा कपाळावर हात मारून घ्यायचे, जणू तो खांब त्यांनीच तिथे रोवला होता. मुलंही तिच्या तोंडी आपलं नाव यावं म्हणून जीव तोडून पळायला लागली.

ती चौथीत गेली तेव्हा शाळेत नव्या बाई आल्या. ही मुलगी लिहिते सगळं बरोबर आणि बोलत मात्र नाही, हे काही त्यांना पटेना. एका सुट्टीच्या दिवशी पत्ता विचारत त्या घरी आल्या. आईने घाईघाईने पदराने खुर्ची पुसली.

“बाई, आमच्या पोरीने काही केलं का?”

“काहीच करत नाही, म्हणून तर आले. ती शाळेत एक शब्दही बोलत नाही.”

आई म्हणाली, “आमची? बाई, तुम्ही घर चुकलात.”

एवढ्यात भिंतीपलीकडच्या मोकळ्या जागेतून आवाज आला, “डावीकडे दे, डावीकडे! अरे, आंधळा आहेस का! तुम्ही नाही हो आजोबा, तो काड्या!”

“ही कोण?” बाईंनी विचारलं.

“हीच की!” आई म्हणाली.

बाई भिंतीला वळसा घालून मागे गेल्या. त्यांना बघताच भोंग्याची दातखीळ बसली. तिकडे गोलसमोर झुंबड उडालेली. आजोबा खोक्यावरून अर्धवट उठले. “अगं, पुढे काय? गेला का आत?” बाई आजोबांशेजारी दगडावर टेकल्या आणि डोळ्यांवर हात धरून म्हणाल्या, “मलाही दिसेना. धूळ डोळ्यांत जातेय. चेंडू कुठे आहे?”

बाईंकडे बघावं तर भीती वाटत होती, आणि आजोबांकडे बघावं तर गप्प राहवत नव्हतं. शेवटी तिच्या तोंडून फुटलंच. “कीपरच्या हातात!”

“सुटलो!” आजोबा मटकन खाली बसले.

बाई हसल्या, पण वर्ग हसला होता तसं नाही. “मघाशी मी भिंतीच्या पलीकडे होते,” त्या म्हणाल्या, “तरी मला सगळा खेळ दिसला.”

शाळेच्या क्रीडादिनाला सामन्याचं वर्णन तू करायचं, असं त्यांनी तिथेच सांगून टाकलं. भोंग्याने सुटायचा खूप प्रयत्न केला, पण बाई काही ऐकेनात.

क्रीडादिन आला. मैदानाच्या कडेला टेबल, टेबलावर माइक, कोपऱ्याकोपऱ्यावर कर्णे बांधलेले. बाबांनी पाळी बदलून घेतली होती आणि फिटरआजोबांना हाताला धरून आणलं होतं. शिट्टी वाजली. भोंग्याने माइकजवळ तोंड नेलं आणि गल्लीत द्यायची तसा आवाज दिला.

कर्णे किंचाळले. छपरावरची कबुतरं उडाली. पहिलीतल्या मुलांनी कानांवर हात घेतले, एक पोर रडायला लागलं, आणि मग सगळं मैदान हसायला लागलं. भोंगा माइक सोडून टेबलामागे पळाली आणि तिथे तारांच्या वेटोळ्यात बसलेल्या माइकवाल्याला जवळजवळ धडकलीच.

“अगं, थांब,” तो म्हणाला. “माइक म्हणजे माणसाचा कान समज. कानात कुणी ओरडतं का? ओरडायचं काम त्या कर्ण्यांचं. तू नुसतं सांग.”

“मला हळू बोलता येत नाही,” ती रडवेली होऊन म्हणाली.

बाईंनी ते ऐकलं. त्या गेल्या आणि फिटरआजोबांना खुर्चीसकट टेबलापाशी घेऊन आल्या. “यांना सांग. बाकी कुणाकडे बघूच नकोस.”

आजोबांचा कान तिच्यापासून हातभरसुद्धा लांब नव्हता. “आजोबा, चेंडू—” तिने सुरुवात केली, तसे ते दचकून मागे सरले.

“हळू गं बाळा. माझे डोळे गेलेत, कान शाबूत आहेत.”

तिला एकदम हसू फुटलं. हसू ओसरता ओसरता जो आवाज उरला, त्या आवाजातच ती बोलायला लागली. “चेंडू झाडाच्या बाजूला आहे, आजोबा. पाचवीच्या मुलाकडे. तो थांबलाय, बघतोय कुणाला द्यावा... दिला.” तो आवाज कर्ण्यांतून मैदानभर पसरला. हसणारे हळूहळू गप्प झाले. थोड्या वेळाने तर तिने ‘आता मारणार’ म्हटलं की अख्खं मैदान श्वास रोखून धरायला लागलं, आणि गोल झाला तेव्हा आजोबा लोकांच्या आधी उभे राहिले.

बाबा एका कोपऱ्यात, कर्ण्याच्या अगदी खाली, मान तिरकी करून उभे होते. सामना संपला तरी ते तिथून हलले नाहीत. भोंगा धावत गेली आणि सवयीने ओरडली, “बाबा, कळलं का काही?”

“शब्दन् शब्द कळला,” ते म्हणाले. “तू ओरडत नव्हतीस, तरी कळला.” आणि मग आजूबाजूच्या अनोळखी लोकांना, कुणी विचारलेलं नसताना, सांगत सुटले, “मुलगी आहे माझी. माझी मुलगी.”

एका दिवसात सगळं पालटलं असं नाही. वर्गात तिचा आवाज मधूनच उसळायचा, मग बाई नुसता हात खालीवर करायच्या आणि ती हसून पट्टी बदलायची. पण कुलूप निघालं ते निघालंच. सातवीत ती नाटकात उभी राहिली, दहावी झाली, पुढे कॉलेजही केलं. फिटरआजोबा असेपर्यंत त्यांचा संध्याकाळचा सामना मात्र तिने चुकवला नाही.

आता ती मोठ्या बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीमागे बसते. कोणती गाडी कुठे लागली, कोणती उशिरा येतेय, ते माइकवरून सांगते. परवा एक म्हातारी गाठोडं घेऊन खिडकीशी आली आणि आत डोकावून बघायला लागली.

“ती सांगणारी बाई कुठे आहे?”

“मीच ती, आजी.”

“तू? मला वाटलं, चांगली दांडगी असशील.” आजीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “मला तिकडे बाकावर डुलकी लागली होती. तू माझ्या गाडीचं सांगितलंस आणि वाटलं, कुणी खांद्याला धरून उठवतंय. म्हटलं, बघून तरी जावं.”

“बघितलंत ना? मग पळा आता. ती बघा, तुमची गाडी सुटतेय!”

आजी गाठोडं सावरत निघाली. भोंग्याने माइक जवळ ओढला आणि म्हणाली, “चालकदादा, जरा दम धरा. एक आजी येतायत.” निघालेली गाडी थांबली, कंडक्टरने दार उघडून हात पुढे केला, आणि आजी वर चढेपर्यंत ती खिडकीतून बघत राहिली.