अकरा फेऱ्या आणि एक तापलेलं इंजीन

माझ्या मेव्हणीचं लग्न ठरत होतं तेव्हा मी मुलाच्या घराभोवती मोटरसायकलवरून फेऱ्या मारत होतो. एकूण अकरा फेऱ्या झाल्या.

मोटरसायकल माझी नव्हती. माझा मेव्हणा मधू, शाळेपासूनचा माझा मित्र, त्याची. कुणी एक साहेब विलायतेला परत जाताना ती विकून गेला होता. तिच्या डाव्या अंगाला साइडकार होती आणि मधूचा तिच्यावर एवढा जीव, की दर रविवारी तो तिला ब्रशने घासायचा (स्वतःचे दात तो राखुंडीवर भागवायचा). पुढे कचेरीने त्याला तीन महिन्यांसाठी नागपूरला धाडलं आणि गाडी माझ्या ताब्यात आली. जाण्यापूर्वी त्याने मला मुलुंडच्या त्यांच्या अंगणात उभं करून शिकवणी दिली.

"हिच्यात पाणी नसतं, कळलं? मोटारीत पाणी असतं, इथे नुसता वारा. इंजिनाभोवती या पातळ चकत्या आहेत ना, आतली उष्णता त्यांच्यात उतरते आणि पळताना लागणारा वारा ती घेऊन जातो. म्हणून इंजीन चालू ठेवून उभं राहायचं नाही. वारा थांबला की ही तापते. फार तापली की पिस्टन धरतो."

"धरतो म्हणजे?"

"म्हणजे आत अडकून बसतो. मग मी नागपूरहून येतो आणि तुला धरतो."

या शिकवणीतलं 'उभं राहायचं नाही' एवढंच माझ्या डोक्यात राहिलं. 'इंजीन चालू ठेवून' हे शब्द कुठे गळून पडले, कोण जाणे. पोस्टापर्यंत जाऊन परत येण्यात काही बिघडलंही नाही.

मग घाटकोपरचं स्थळ आलं. मेव्हणी मालू मुलुंडलाच एका शाळेत शिकवायची. लग्नानंतरही नोकरी सोडणार नाही, असं तिने आधीच्या दोन्ही स्थळांना चहाचे कप उचलायच्या आतच सांगून टाकलं होतं, आणि दोन्ही स्थळं मोडली होती. म्हणून या खेपेला बोलणी करायला माझे सासरे नाना एकटेच जाणार होते. नाना निवृत्त हेडमास्तर. पण आदल्या दिवशी पायरीवरून त्यांचा घोटा मुरगळला आणि स्टेशनचा पूल चढणं अशक्य झालं. दिवस बदलायला ते तयार नव्हते.

"जावईबापू, गाडी काढा," ते म्हणाले. मालू ऐकत नाहीसं बघून पुढे हळूच म्हणाले, "आणि हे बघा, तिथे नोकरीचा विषय आपण होऊन काढायचा नाही. त्यांनी काढला तर मी बघेन. तुम्ही गप्प बसायचं."

"मी कशाला बोलतोय, नाना."

निघताना मालू दारात येऊन म्हणाली, "नाना, नोकरीचं स्पष्ट सांगून यायचं हं." नाना "हो हो" म्हणाले आणि साइडकारमध्ये पट्टी बांधलेला पाय लांब करून दुसरीकडे बघू लागले.

आग्रा रोडला दोन्ही बाजूंना तेव्हा शेतं होती, मध्ये मध्ये एखाद्या कारखान्याचं कुंपण. वारा झकास लागत होता. मी खूश होतो. घाटकोपरला रूळ ओलांडायचे होते, तिथे फाटक बंद. मी थांबलो. मिनिटभरात माझ्या नडगीला धग लागायला लागली. मधूचा चेहरा डोळ्यांपुढे आला. मी गाडी वळवली आणि आलो त्या रस्त्याने निघालो.

"आपण परत मुलुंडला का चाललोय?" नानांनी विचारलं.

"वारा घेतोय, नाना."

फाटक उघडेपर्यंत मी नानांना चार वेळा मुलुंडच्या दिशेने नेऊन परत आणलं. चौथ्या वेळी त्यांनी डोळे मिटून घेतले होते. दुखऱ्या पायामुळे असेल, अशी मी समजूत करून घेतली.

मुलाचं घर एका चौकोनी, एकमजली इमारतीत तळमजल्यावर होतं. चारी बाजूंनी गल्ली. मुलगा सदानंद आणि त्याचे आईवडील दारातच उभे होते. सदानंदने नानांना हात देऊन उतरवलं.

"या ना, तुम्हीही आत या," त्याची आई मला म्हणाली.

इंजीन गरम होतं. मी ते तसंच सोडून आत बसलो आणि पिस्टन अडकला म्हणजे? "तुम्ही व्हा पुढे," मी म्हणालो, "मी जरा गाडी गार करून येतो." आणि निघालो.

गल्ली अरुंद आणि प्रत्येक कोपऱ्यावर वळण, त्यामुळे पहिल्या गिअरच्या वर जाता येईना. पहिल्या फेरीला खिडकीतून सदानंदच्या आईने हसून बघितलं. दुसऱ्या फेरीला वडिलांनी "अहो, चहा टाकलाय" म्हणून सांगितलं. चौथ्या फेरीला खिडकीत कुणी हसत नव्हतं. आणि गाडी काही गार होईना. उलट धग वाढत होती. ती वाढली की मला वाटायचं, वारा कमी पडतोय. मग मी आणखी एक फेरी मारायचो.

सातव्या फेरीला नाना स्वतः खिडकीत आले.

"पत्रिका," ते म्हणाले.

"काय?"

उत्तर ऐकायला मला पूर्ण फेरी मारावी लागली.

"मालूची पत्रिका तुमच्या खिशात आहे," आठव्या फेरीला नाना दातओठ खात म्हणाले.

खरंच होती. बायकोने निघताना माझ्याच कोटात ठेवली होती. नवव्या फेरीला सदानंद पत्रिका घ्यायला गल्लीत येऊन उभा राहिला. शांत माणूस. विक्रोळीच्या एका कारखान्यात काहीतरी यंत्रांचं बघतो, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. तो गाडीच्या बाजूने चालायला लागला.

"जरा थांबता का?"

"थांबता येत नाही."

"ब्रेक गेलाय?"

"ब्रेक आहे. वारा पाहिजे."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. मग काही न बोलता पाय टाकून साइडकारमध्ये बसला. मी पत्रिका दिली, त्याने ती न बघताच खिशात ठेवली. दहावी फेरी सुरू झाली तरी तो उतरेना.

"आत सगळे आहेत, तिथे विचारता येत नाही," तो मोठ्याने म्हणाला. इंजीन आता एवढा आवाज करत होतं, की मोठ्याने बोलल्याशिवाय ऐकूच येत नव्हतं. "तुमच्या मेव्हणींना हे स्थळ मनापासून पसंत आहे का? का नुसतं नाना म्हणतात म्हणून?"

"पसंत आहे," मी ओरडलो. "मुलगा कमी बोलतो असं ऐकलं तेव्हा म्हणाली, बरं झालं, आमच्याकडे बोलणारे पुष्कळ आहेत."

तो हसला. करपलेल्या तेलाचा वास यायला लागला होता आणि इंजिनात आतून कुणीतरी बोटाने दार वाजवल्यासारखी खटखट चालू झाली होती. गाडी ओढत नव्हती. नागपूरहून मुलुंडला यायला मधूला किती तास लागतील, याचा मी हिशेब करू लागलो.

"आणि नोकरीचं?" सदानंदने विचारलं. "सोडायला लागली तर त्यांना चालेल का?"

अकरावी फेरी संपत आली होती. आम्ही नेमके खिडकीखाली पोचलो होतो. मी पूर्ण ताकद लावून ओरडलो, आणि त्याच क्षणी सदानंदने हात लांब करून हँडलवरचा खटका दाबला आणि इंजीन बंद केलं.

"नोकरी सोडायला सांगितलीत तर ती तुम्हालाच सोडेल!"

त्या शांत गल्लीत हे वाक्य चारी भिंतींवर आपटून परत आलं. खिडकीत नाना होते. त्यांच्या शेजारी मुलाचे आईवडील. समोरच्या घरातली एक बाई निवडायचं सूप हातात घेऊन बाहेर आली होती. इंजिनातून टिक, टिक आवाज येत होता. मी झटकन उतरून भिंतीपाशी जाऊन उभा राहिलो.

"काही फुटत नाही," सदानंद म्हणाला. "लोखंड गार होतंय, त्याचा आवाज आहे. तो आवाज चांगला. काळजी करायची ती खटखटीची, करपलेल्या वासाची, आणि गाडीने ओढायचं सोडलं की. पहिल्या गिअरमध्ये गल्लीतून फिरताना इंजीन जोरात पळतं आणि वारा मात्र लागतच नाही. तुम्ही इतका वेळ तिला तापवत होतात."

"मग गार कशी करायची?"

"बंद करायची," तो म्हणाला. "आत जाळ नसला की आपोआप गार होते."

त्याने तेल बघितलं. तळाला गेलं होतं. मी वर तोंड करायच्या मनःस्थितीत नव्हतो, पण खिडकीतून आवाज आला. त्याची आई होती.

"नानासाहेब, ती नोकरी सोडणार नाही, हे खरं आहे का?"

नानांनी एकदा माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षांत किती मुलांनी त्यांची ती नजर सोसली असेल.

"खरं आहे," ते म्हणाले.

"मग आधीच सांगायचं ना," ती म्हणाली. "मी कधीची विचार करतेय, हा विषय काढू कसा. मलाही लग्नाआधी नर्सचं काम होतं, ते सोडायला लावलं ह्यांच्या घरच्यांनी. या आता आत. चहा दुसऱ्यांदा गरम केलाय."

मुलाच्या वडिलांनी बशीतल्या चहाकडे बघत बसणं पसंत केलं.

सदानंदने नंतर तेल आणून भरलं. तासाभराने गाडी दुसऱ्याच किकला चालू झाली. परतीच्या वाटेवर फाटक पुन्हा बंद होतं. मी इंजीन बंद करून निमूट उभा राहिलो.

मालू दारातच होती. "ठरलं," नाना म्हणाले, आणि पाय स्टुलावर ठेवून खुर्चीत बसले.

"आणि नोकरीचं?"

"नोकरी चालेल त्यांना."

"सांगितलं कुणी? तुम्ही?"

नानांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मालूचे डोळे मोठे झाले. इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं.

"भावोजी, तुम्ही? सगळ्यांसमोर? धीर कसा झाला तुम्हाला?"

मी कोट काढून खुंटीला अडकवला. "कुणीतरी बोलायला लागतं कधीतरी," मी म्हणालो.

"त्यांना वाटलं," खुर्चीतून नाना म्हणाले, "इंजीन चालू आहे."