पेडलवरच्या चार विंडो

शीलाताई मेश्राम माउसने विंडो उजवीकडे ओढत होत्या आणि ती मध्येच सुटून भलतीकडेच पडत होती. पुन्हा धरली, पुन्हा सुटली. मागे गावंडे सर, म्हणजे आमच्या ऑफिसचे मालक, हाताची घडी घालून उभे होते. मी तिथला सिस्टिम ॲडमिन. सोप्या भाषेत, कम्प्युटर रुसला की ज्याच्या नावाने हाका सुरू होतात तो माणूस.

धरमपेठेतलं आमचं ऑफिस मेडिकल ट्रान्सक्रिप्शनचं. डॉक्टर रिपोर्ट तोंडी सांगून रेकॉर्ड करतात, आमची माणसं तो ऐकून टाइप करतात. शीलाताई त्यात सगळ्यांत जुन्या. तोंडात तंबाखूचा खर्रा धरून बोलल्यासारखा बोलणारा डॉक्टर असला की त्याचं रेकॉर्डिंग ताईंकडेच जायचं. पण वर्षभरापासून त्यांच्या हातांना कंप सुटला होता. औषध चालू होतं. टायपिंग व्हायचं, कारण एक अक्षर चुकून दोनदा उमटू नये अशी सेटिंग कम्प्युटरमध्येच असते, ती मी लावून दिली होती.

मग नवीन सॉफ्टवेअर आलं. जुन्यात सगळं एकाच जागी दिसायचं. नव्यात प्रत्येक पेशंटसाठी चार विंडो उघडतात: आवाजाचा प्लेअर, जुना रिपोर्ट, रिपोर्टचा कोरा नमुना आणि टायपिंगची जागा. चारही एकमेकींच्या अंगावर. त्या हलवायच्या तर वरची अरुंद पट्टी, टायटल बार, धरून ओढावी लागते. आपल्याला त्यात काही वाटत नाही. ताईंना ते चालत्या ऑटोत सुईत दोरा ओवण्यासारखं व्हायचं.

"प्रशांत, असं नाही जमत ना भाऊ," सर म्हणाले. "रिपोर्ट उशिरा जाते, क्लायंट चिल्लावून राहिला. सोमवारपासून ताईले रिसेप्शनवर बसवू. पगार तोच राहीन."

"सर, तिथं बसून मी काय करू?" ताई म्हणाल्या. "मले ऐकून लिहिता येते. थेच काम आवडते मले."

आवाज चढला नव्हता, पण डोळे भरले होते. मला फार वाईट वाटलं.

"सर, सोमवारपर्यंत थांबा," मी म्हणून बसलो. डोक्यात काहीही नव्हतं.

आधी मी दुसरा मॉनिटर जोडला. आगीतून फुफाट्यात. आता विंडो आणखी लांब ओढायची, आणि ती दोन पडद्यांच्या मध्येच अडकायची. विंडोजचे स्वतःचे शॉर्टकट आहेत, पण त्यात कीबोर्डवरच्या दोन किल्ल्या एकदम दाबाव्या लागतात, तेही एकेका विंडोसाठी, दर पेशंटला नव्याने.

शोधता शोधता एक युटिलिटी सापडली. युटिलिटी म्हणजे एकच छोटं काम करणारा प्रोग्रॅम. हिला एकदा दाखवून ठेवायचं, कुठली विंडो कुठे आणि केवढी. मग एक किल्ली दाबली की सगळ्या आपापल्या जागी. मोबाइलमधल्या एका फोटोपेक्षाही लहान फाइल. कुठल्या तरी अनोळखी माणसाने लिहून जगाला देऊन टाकलेली.

"फुकट?" सर म्हणाले. "मंग व्हायरस-गियरस असन त्यात."

मी ती रिकाम्या मशीनवर टाकून तपासली. बाहेर काही पाठवत नव्हती. त्या कामाला F9 ही किल्ली ठरवली आणि दाबली. चारही विंडो क्षणात सरकून चार कोपऱ्यांत बसल्या, एकीचीही कड दुसरीवर नाही. इतकी वर्षं या धंद्यात काढूनही मी आ वासून बघत राहिलो. मग विंडो मुद्दाम विस्कटल्या आणि परत दाबलं. असं किती वेळा केलं, सांगायला लाज वाटते.

ताईंना बसवलं. त्यांचं बोट शेजारच्या किल्लीवर पडलं आणि चालू रेकॉर्डिंगच बंद झालं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. माझा चेहरा पडला. ताई मात्र टेबलाखाली बघत होत्या.

"काय गा प्रशांत, हे पायावर नाही का टाकता येत? हात हालतात माझे. पाय थोडीच हालून राहिले?"

आमच्या प्रत्येक टेबलाखाली शिलाई मशीनसारखं एक पेडल असतं. मधला भाग दाबला की आवाज चालू, डावा दाबला की मागे, उजवा दाबला की पुढे. आता डॉक्टरचं बोलणं गाळून पुढे कोण जाणार? उजवा भाग सगळ्यांचाच पडून असतो. मी तो युटिलिटीला जोडून दिला.

सोमवारी सर येऊन मागे उभे राहिले. ताईंनी एंटर दाबून पेशंटची फाइल उघडली, पाय टेकवला. चारही विंडो जागेवर. हात थरथरत होते आणि टाइप करत होते. दुसरा पेशंट, पुन्हा पाय. माउस त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकून दिला होता.

"ताई, हे कसं करून राहिल्या तुम्ही?" सरांनी विचारलं.

ताईंच्या कानांवर हेडफोन होते. त्यांना मागे कोणी उभं आहे हेही माहीत नव्हतं. सर माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "रिसेप्शनसाठी दुसरं कोणी पाहा लागते, बाप्पा."

ताईंचा कंप अजून आहे, थोडा वाढलाही आहे. अवघड रेकॉर्डिंग आजही त्यांच्याकडेच जातं. आणि "मला हे जमत नाही" म्हणत कोणी माझ्याकडे आलं, तर मी कम्प्युटरला हात लावण्याआधी विचारतो, मग काय जमतं?