खालच्या पट्टीतला पांढरा थर

कळंबजवळच्या आमच्या रानात खालची पट्टी पांढरी पडली आणि सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, परस्पर ठरवून टाकलं की तिथली माती वीटभट्टीवाल्याला द्यायची.

"मीठ फुटलंय. दोन वर्सं बोअरच्या पाण्यानं धुतोय, जात न्हाय."

मी हायस्कुलात विज्ञान शिकवते. आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की क्षार आणि पाणी तयार होतं, हे दरवर्षी फळ्यावर लिहिते. पण घरच्या रानातल्या क्षाराकडं कधी नीट पाहिलं नव्हतं. माझाच मला संताप आला. माती एकदा उचलून नेली की परत येत नाही. मी हट्टाला पेटले.

दोन वाट्यांत पाणी घेतलं. एकीत स्वयंपाकाचं मीठ विरघळवलं, दुसरीत रानातला पांढरा थर. दोन्हींत हळद लावलेल्या कापडाच्या चिंध्या बुडवल्या. मिठातली पिवळीच राहिली. दुसरी लाल झाली, हळदीच्या साडीला साबण लागल्यावर होते तशी.

"मामा, हे मीठ नाही. धुण्याचा सोडा असतो ना, त्यातलं आहे." तोही क्षारच, पण मिठासारखा उदासीन नाही. सौम्य आम्ल आणि तीव्र आम्लारीपासून झालेला क्षार आम्लारीची खोड काही सोडत नाही.

"मग धुवून का जाईना?"

मी कढईत बोअरचं पाणी आटवलं. तळाशी पांढरी खरड उरली. तिच्यावर हळद लावलेली ओली चिंधी ठेवली, तीही लाल. ज्या पाण्यानं ते रान धूत होते, त्याच पाण्यानं सोडा साठत गेला होता. मामा कढईकडं बघतच राहिले. मला वाईट वाटलं, तरी गप्प बसले नाही.

"एक पावसाळा द्या मला."

ते उठून गोठ्याकडं गेले. मी बोअर बंद केली आणि रानात जिप्सम, म्हणजे कॅल्शियमचा एक क्षार, पसरलं. जिप्सम आणि सोडा आपले जोडीदार बदलतात. त्यातून झालेली चुनखडी मातीत राहते, दुसरा क्षार पावसाच्या पाण्यात विरघळतो. त्याला वाहून जायला वाट हवी, म्हणून दर रविवारी मी आणि नवरा बांधालगत चर खणत होतो.

अशाच एका रविवारी भट्टीवाला ट्रॅक्टर घेऊन आला. माझ्या हातांना फोड आले होते. मामांनी त्याला बांधावरच थांबवलं.

"माती आजारी हाय. आजाऱ्याला कुणी घराभायेर काढतं व्हय?"

ट्रॅक्टर वळला. मामा खाली उतरले आणि माझ्या हातातली कुदळ ओढून घेतली.

"सर बाजूला, मास्तरीणबाई. चर आसा खणत्यात का?"