बाजूला बसणाऱ्याने बोलायचं नाही

बाबा गेल्यावर आईने घरातला कॉम्प्युटर बंदच करू दिला नाही. स्क्रीन तेवढी बंद करायची, पण टेबलाखालचा डबा दिवसरात्र घुमत राहायचा. डहाणूत पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. ती गेली की इन्व्हर्टरवर पंख्याऐवजी कॉम्प्युटर चालायचा आणि आई पुठ्ठ्याने वारा घेत बसायची. कारण आत बाबांचा पत्त्यांचा डाव होता. त्या सकाळी तो तसाच सोडून ते दूध आणायला उठले आणि रस्त्यातच कोसळले.

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर त्यांना या एकट्याने खेळायच्या पत्त्यांचं वेड लागलं होतं. एरवी शेजारच्या गुजराती घरांसारखे आमच्याकडेही पत्ते निघायचे ते श्रावणातच, आणि त्या बैठकीचा नियम कडक. बाजूला बसणाऱ्याने बोलायचं नाही, बोललं की डाव नासतो. बाबांनी तोच नियम कॉम्प्युटरला लावला. आई शेजारी बसून भाजी निवडायची, तोंडाला कुलूप. खेळायचं यंत्राशी आणि सोवळं पाळायचं माणसांचं, म्हणून मी दोघांना चिडवायची.

मी शिकवते ती शाळा तलासरीकडे, झरीला. शाळेची माहिती ऑनलाइन भरावी लागते, आणि आमच्या जुन्या विंडोजवर ती साइट उघडेनाशी झाली. मोबाइलवर डोळे फोडून झाले. शेवटी एका रविवारी शाळेतल्या सहशिक्षकाला घरी बोलावलं. चहा पिता पिता तो म्हणाला, सरळ फॉरमॅट मारू. फॉरमॅट म्हणजे काय, आईने विचारलं. जुनं सगळं पुसायचं आणि नवं घालायचं, त्या बिचाऱ्याने सांगून टाकलं. आई कपबशा उचलून आत गेली ती बाहेर येईना. मला रागच आला. माणूस गेला, आणि ही पत्ते राखत बसली आहे.

मग त्यानेच मधला मार्ग काढला. विंडोज आहे तशी राहू द्यायची, डिस्कवरची थोडी जागा मोकळी करून तिथे लिनक्स ही दुसरी, फुकटात मिळणारी सिस्टीम बसवायची. कॉम्प्युटर चालू करताना कोणती हवी ते तोच विचारेल. एका घरात दोन बिऱ्हाडं, असं मी आईला समजावलं. पण त्यासाठी एकदा तरी तो बंद करावा लागणार होता.

"डाव राहील?" तिने विचारलं.

राहील, तो म्हणाला. खेळ मिटताना स्क्रीनवर प्रश्न आला, डाव सेव्ह करायचा का. मी हो म्हटलं. घुमणं थांबलं. त्या शांततेची आम्हाला सवयच उरली नव्हती. आईने तोंडाला पदर लावला आणि मलाही रडू आवरेना. बाबा दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं.

लिनक्स बसेपर्यंत आई देवापाशी बसून होती. मग स्क्रीनवर दोन नावं एकाखाली एक आली. मी जुनं नाव निवडलं, खेळ उघडला. पत्ते होते तसेच होते.

आईने चष्मा पुसला आणि स्क्रीनजवळ बोट नेलं. चौकटची अठ्ठी किलवरच्या नव्वीवर जात होती. सहशिक्षक म्हणाला, खरंच की, मग लावा ना काकू. तिने मान हलवली.

"ह्यांना दिसत नव्हती. मला दिसत होती," ती म्हणाली. "अडलंय बोलले. दूध घेऊन येतो, तोवर सुचेल बोलले. मी तेव्हा तोंड उघडलं असतं तर बसले असते ना गं अजून थोडा वेळ. निदान घरात तरी पडले असते."

तिनेच खेळ मिटला, सेव्ह केला, आणि आता बंद कर म्हणाली.

माझं शाळेचं काम आता लिनक्सवर होतं. वीज गेली की इन्व्हर्टरवर पंखा चालतो. कधीकधी संध्याकाळी आई जुनं नाव निवडते आणि डाव उघडून नुसती बसते. अठ्ठी अजून तिथेच आहे. मी शेजारी भाजी निवडत असते. तुझं काही चुकलं नाही, एवढंच तिला सांगायचं असतं. अजून सांगता आलेलं नाही.