कुजका दोरा

पनवेलच्या खाडीत गळाने मासे धरायची हौस म्हणून एका रविवारी मी होडी ठरवली. रॉड नवा होता आणि दोरी अशी, की दुकानदाराच्या मते माणूस लटकला तरी तुटणार नाही. सकाळीच धाकट्या भावाशी फोनवर कडाक्याचं भांडण झालं होतं. तोच राग डोक्यात घेऊन होडीत बसलो.

होडीवाले काका साठीचे असतील. नाव मी विचारलंच नाही. त्यांनी माझी दोरी नुसती बोटांनी चाचपली आणि होडी काढली.

पहिलाच मासा लागला, चांगला मोठा जिताडा, आणि गळ खाली नेणारं शिशाचं वजन खडकात अडकलं. मी हट्टाने ओढत राहिलो. रॉडचं टोक मोडलं आणि मासाही सुटला.

काकांनी जुन्या गोणीचा दोरा उसवला आणि नवं शिसं त्या कुजक्या दोऱ्याने बांधलं.

"काका, हा तर लगेच तुटेल!"

"तुटायलाच पायजे. काय सोडायचं ते आदीच ठरवून ठेवायचं, सायेब. नायतर सगलंच जातं."

तासाभराने पुन्हा मासा लागला, पुन्हा शिसं अडकलं. दोरा तुटला, शिसं खडकातच राहिलं. मोडक्या रॉडवर जिताडा वर आला.

परतताना पळस्पे फाट्यावर गाडी बाजूला घेऊन मी भावाला फोन लावला. तो लगेच सकाळच्याच मुद्द्यावर आला. माझ्याकडे उत्तर तयार होतं, आणि ते बिनतोड होतं. ते मी तिथेच सोडलं.

"जिताडा आणलाय," मी म्हणालो. "जेवायला येतोस?"